दोन्हीकडे चालेल असा कॅमेरा

दौंडच्या दुकानात एबनेझरनं जुना कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि सांगून टाकलं, लग्नात चालेल आणि घरातही चालेल असा एकच दाखवा. झूम अडकायला लागल्यापासून त्याचं डोकं फिरलं होतं. परवा एका नवरीच्या नाकावर कॅमेरा जो जाऊन बसला, तो काही केल्या मागं येईना.

दुकानदार विश्वजीत सरळ माणूस. त्यानं तळहातात मावेल असा एक आटोपशीर कॅमेरा पुढं केला. चित्र झकास, अंधारातही दिसतं, वजन म्हणाल तर काहीच नाही. एबनेझरनं तो हातात घेतला आणि लगेच परत दिला. एवढंसं खेळणं घेऊन मांडवात शिरलं की नवरदेवाचा बाप पहिलं विचारतो, मोठा कॅमेरा कुठंय? खांद्यावर धूड असलं तरच माणसं बाजूला सरतात. शिरूर घ्या नाहीतर दौंड, सगळीकडं हेच.

मागं खुर्चीवर त्याची आई बसली होती, रूथबाई. डोळे दाखवायला ती शिरूरहून त्याच्याबरोबर आली होती. तिला लहानच पसंत पडला. पुढच्या महिन्यात नातवाचा बाप्तिस्मा होता आणि घरच्या कार्यात मोठा कॅमेरा अंगावर येतो, असं तिचं म्हणणं. तिला त्यातलं काही कळत नाही, असं एबनेझर म्हणाला.

तेवढ्यात दुकानात राहू गावचे पोपटराव आले, फोटो काढून घ्यायला. एबनेझरला बघून त्यांना चेवच आला. आपल्या लेकीच्या, मोनालीच्या लग्नात ह्या पठ्ठ्यानं जावयाला हार पुन्हा पुन्हा घालायला लावला, अंतरपाट धरून मामाचे हात भरून आले, भटजी तर सोवळं सोडून शिव्या द्यायच्या बेतात होते, असं त्यांनी सगळ्या दुकानाला ऐकवलं. विश्वजीत हसला. एबनेझरही खुलला.

"आप्पा, नीट आलं न्हाई तर परत घ्यावंच लागतंय," तो म्हणाला. "लगीन काय रोज होतंय व्हय?"

त्यानं मोठा कॅमेरा मागून घेतला आणि खांद्यावर चढवून आरशात बघायला लागला. चांगला शोभत होता. जुना कॅमेरा बदलीत द्यायचा ठरलं होतं, म्हणून विश्वजीतनं तो वायरीनं भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. चित्र आणि आवाज शाबूत आहेत का, तेवढंच बघायचं होतं. त्यानं बटण दाबलं.

टीव्हीवर चिखल आला, छत्र्या आल्या, पुस्तक उघडून उभे असलेले पाळकसाहेब आले. खड्ड्यात पेटी उतरवलेली होती. मागच्या पावसाळ्यात एबनेझरचे वडील दावीदमास्तर गेले, त्यांची ही मूठमाती, कॅमेऱ्यात तशीच राहून गेलेली. लांबच्या नातेवाइकांना पोचणं जमत नव्हतं, म्हणून मुलानंच शूटिंग केलं होतं. पुढं ते जोडायला बसला तेव्हा आईचं रडणं ऐकायची त्याची छाती झाली नाही. त्यानं आवाज आधीच बंद केला होता आणि वरून गीत टाकून सगळ्यांना पाठवलं होतं. त्यामुळं आता टीव्हीतून जे येत होतं, ते तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

पडद्यावर रूथबाई पुढं आली. वाकली, मूठभर माती उचलली आणि खड्ड्यात टाकली. माती पेटीवर पडली. तोच अगदी जवळून, खणखणीत आवाज आला.

"आई, परत एकदा. पदर जरा मागं घे, चेहरा आला न्हाई."

पडद्यावरच्या बाईनं हात लुगड्याला पुसला. पदर मागं सारला. पुन्हा वाकली.

पोपटराव आपल्या चपलांकडं बघायला लागले. विश्वजीतनं घाईघाईनं बटणं दाबली, त्यानं चित्र तेवढं गेलं आणि रडणं चालूच राहिलं. शेवटी त्यानं वायरच उपटली.

एबनेझरची कानशिलं तापली. मांडवातला तोच आवाज, तोच हुकूम. बापाच्या खड्ड्यापाशी उभं राहून आपण आईला हुकूम सोडला, आणि वर्ष होत आलं तरी आपल्याला त्याचा पत्ता नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. खांद्यावरचा कॅमेरा त्यानं काढून ठेवला. आईकडं बघायचं धाडस होईना.

"मला आठवतंच न्हाई गं, आई," तो कसंबसं म्हणाला.

"आसूं दे," रूथबाई म्हणाली. "मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. माती बाजूला पडली आसंल."

विश्वजीतनं समोरच्या टपरीला हाक मारून चहा सांगितला आणि काहीतरी करायचं म्हणून तो लहान कॅमेरा एबनेझरच्या हातात कोंबला. घरच्या माणसावर एकदा बघा की, मावशींचंच घ्या, असं म्हणाला. नको म्हणायचंही एबनेझरला सुचलं नाही. त्यानं कॅमेरा वर धरला. चौकटीत आई आली.

चहा आला. रूथबाईनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला. थोडा चहा बोटांवर सांडला, पदर कपाळावर उतरला होता, चेहरा निम्मा झाकला होता. एबनेझरनं ओठ घट्ट मिटले. काहीही होवो, एक अक्षर बोलायचं नाही.

तो गप्पच उभा आहे, हे रूथबाईच्या ध्यानात आलं. तिनं बशी खाली ठेवली. बोटं पुसली. पदर दोन्ही हातांनी मागं सारला आणि कॅमेऱ्याकडं बघून विचारलं,

"आलं का रं नीट? का परत पिऊ?"