कोणाच्या भुईवरून

उत्तर आलं होतं, पण त्यात आभाराचा एक शब्द नव्हता. उन्नतीने ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि मान वर केली.

"काका, ते म्हनते का पत्र चांगलं आहे. पन सभेत वाचता येनार नाही."

सेक्टर दहामधल्या तेजरामच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात चौघं बसले होते. 'सोबत' नावाचं मंडळ म्हणजे हे चौघंच. जगाच्या पाठीवर कुठेही आदिवासींची जमीन जायला लागली, की दर रविवारी इथे बसून त्यांच्या बाजूने पत्रं लिहायची, हे त्यांचं काम. इथल्याच पोलाद प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेला तेजराम मजकूर सांगायचा. कॉलेजात शिकवणारी उन्नती त्याचं इंग्रजी करायची. या वेळचं पत्र समुद्रापलीकडच्या एका नदीकाठच्या लोकांसाठी होतं. त्यांच्या पूर्वजांना जिथे पुरलं होतं, तिथे खाण येऊ घातली होती. शनिवारी त्यांची सभा होती. सभेत वाचलं जाईल तेच पत्र पुढे कोर्टात जाणार होतं.

"कावून नाही वाचनार?" तेजरामचा आवाज चढला.

"त्याइचा रिवाज आहे. लिवनारा कोनाच्या जमिनीवर बसून लिवून राहिला, ते पयले सांगा लागते. आन त्या लोकाइनं बोलाची परवानगी देल्ली का, तेही."

"जमीन प्लांटची."

"प्लांटच्या आधी कोनाची?"

तेजराम भंडाऱ्याकडून इथे आला त्याला एकेचाळीस वर्षं झाली होती. कुठली भट्टी कोणत्या तारखेला पेटली, हे तो झोपेतही सांगू शकला असता. हे मात्र त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

चहा घेऊन आलेली पंचफुला, त्याची बायको, दारातच थांबली. "ते गोंडाची म्हातारी नाही का, अक्तीले येते ते? कौशल्या, आता कुम्हारीले रायते ते. तिचंच गाव होतं ना इथं. तुमीच तं तिले अर्ज आन म्हनलं होतं."

तेव्हा कुठे तेजरामला आठवलं. क्वार्टरच्या बाजूची मोकळी जागा त्याने लोखंडी पट्ट्या ठोकून घेरली होती आणि आत वांगी, मिरच्या लावल्या होत्या. इथे सगळेच तसं करतात. त्या घेऱ्यात एक कडुनिंब आला आणि निंबाखालचा एक दगडही आला. पाण्याची नळी गुंडाळून ठेवायला तो दगड बरा होता. दर अक्षय तृतीयेला ती म्हातारी पळसाच्या द्रोणात मूठभर धान घेऊन यायची. हा आमच्या गावाचा ठाकुरदेव आहे, पेरणीच्या आधी त्याला धान दाखवावं लागतं, असं म्हणायची. आज एकटी येते, उद्या चबुतरा बांधायला माणसं आणील, अशी धास्ती तेजरामने घेतली आणि फाटकाला कुलूप घातलं. "हे पहा बाई, कसं आहे, सगळं कागदावर पाहिजे," असं त्याने तिला समजावलं होतं. तेजराम माणूस वाईट नव्हता. कागदावर मात्र त्याचा फार जीव होता.

म्हातारीने खरंच दगडापर्यंत येऊ देण्याचा अर्ज कोणाकडून तरी लिहून आणला. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. तेव्हापासून ती द्रोण फाटकाबाहेर ठेवून, तिथूनच हात जोडून परत जायची.

तेजरामने आतल्या खोलीतलं ड्रॉवर उपसलं. देशोदेशीच्या पत्रांच्या खाली तो अर्ज निघाला. वहीच्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिलीच ओळ होती, 'मैं कौशल्या, ग्राम बोइरडीह, जहाँ अब सेक्टर दस है.'

"सापडलं!" तो ओरडला. "बोइरडीह! उन्नती, लिव."

त्याने स्पेलिंग नीट सांगितलं, दोनदा तपासून घेतलं. मग अर्जाची घडी घालून तो होता तिथेच परत ठेवला.

नाव मिळालं होतं, आता परवानगी तेवढी राहिली होती. तेजरामने त्याच संध्याकाळी परवानगीचा मजकूर टाइप करून घेतला, खाली अंगठ्यासाठी चौकोन आखून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कुम्हारीची बस धरली. सोबत शाईचं पॅडही घेतलं. वाटेत तो मनाशी वाक्य जुळवत होता. त्या दूरच्या लोकांना त्यांच्याच पूर्वजांजवळ जाऊ देत नाहीत, बाई. त्यांच्यासाठी आम्ही बोलतो आहोत, तुम्ही फक्त हो म्हणा. हे ऐकून कोणीही हो म्हणेल, याची त्याला खात्री होती.

कौशल्या अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. तिने त्याला लगेच ओळखलं. सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत ती उठली आणि पदर डोक्यावरून घेतला. इतक्या वर्षांत सेक्टर दहाचं कोणी तिच्या दारी आलं नव्हतं. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हातातल्या टाइप केलेल्या कागदावर गेली आणि तिथेच थांबली. तेजरामने जुळवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तीच बोलली.

"मोर अरजी मंजूर होगे का, साहेब?"