टीचरला मराठी येत नाही

ऐका ना, पहिलीला इंग्रजी शिकवायला मी भारी युक्ती काढली होती. टीचरला मराठी येतच नाही, असं नाटक! मग काय, पोरं हातवारे करून, नाचून, मोडकंतोडकं बोलायला लागली. ‘टीचर, वॉटर! टीचर, ही बाइट!’ मी तर हवेत!

पण रेणू मधल्या सुट्टीत मला चिकटून बसायची आणि हळूच मराठीत बोलायची. ‘बाबा आता आमच्याकडे राहत नाहीत. आई म्हणते, कुण्णाला सांगायचं नाही. तुला कळतच नाही ना, म्हणून सांगते.’ मी नुसती मान हलवायचे. दुसरं काय करणार?

काल एक मुलगी चपलेत पाय घालणार, तेवढ्यात मी किंचाळले, ‘अगं थांब, विंचू आहे त्यात!’

पोरं विंचू विसरून नाचायलाच लागली, ‘टीचरला मराठी येतं!’ रेणू तेवढी जागची हलली नाही.

‘तुला सगळं कळत होतं?’

‘अगं, मी कुणालाच नाही सांगितलं.’

आज सुट्टीत मीच तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, ‘रेणू, रागावलीस माझ्यावर?’

ती उठून उभी राहिली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, ‘नो, टीचर.’