ट्रेडमिलचा सातवा हप्ता

ट्रेडमिलवर अकरा कपडे वाळत होते: तीन टॉवेल, चार शर्ट, दोन गाऊन आणि मकरंदचे दोन पायमोजे. अठरापैकी सात हप्ते भरून झाले होते. दर हप्त्याला वृंदा बटण दाबून आकडा पाहायची. आतापर्यंत मकरंद एकूण चालला होता चार किलोमीटर दोनशे मीटर.

"आता टीव्ही मोठा घेऊ या," मकरंद नवऱ्याच्या हक्काने म्हणाला. "व्याज नाही. सुरुवातीची रक्कम तेवढी भरायची. आपल्या पिल्लूच्या शाळेच्या फीसाठीची बँकेतली आरडी मोडली की झालं."

वृंदाने सगळे कपडे उचलून त्याच्या मांडीवर टाकले. तोंडातून भलतंसलतं निघू नये म्हणून ती यंत्रावर चढली आणि चालू लागली.

"अगं, हप्ता किती छोटा आहे ते तरी ऐक."

"याचाही छोटाच होता."

"मी सोमवारपासून चालणारच होतो."

"कुठल्या?"

तिचा वेग वाढत गेला. फी जूनमध्ये भरायची आहे, हे तिने पहिल्या किलोमीटरला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं आणि तिसऱ्याला धापा टाकत सांगितलं. मकरंद कपड्यांच्या घड्या घालत राहिला. घडी घालायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने दुकानदाराला फोन लावला.

"टीव्ही राहू द्या. नाही, पुढच्या महिन्यातही नको. आरडी मोडायची नाहीये."

वृंदा खाली उतरली आणि तिने बटण दाबून एकूण आकडा पाहिला.

आठ किलोमीटर शंभर मीटर.