झाकण उघडलं तरी मुसळ चालूच

झाकण उघडलं, तरी मुसळ खाली आलं. मशीनवर काम करणाऱ्या कमळाबाईंनी हात मागे घेतला म्हणून वाचला. लाकडी कालथ्याचं टोक मात्र मिरच्यांबरोबर कुटलं गेलं.

रमाकांतच्या लालबागच्या कांडपात त्या दिवशी बेडगी कुटत होते. ठसका असा, की वरून जाणाऱ्या घारीसुद्धा शिंकत शिंकत भायखळ्याकडे वळत होत्या. रमाकांतनं मशीन बंद केलं, करी रोडला फोन लावला आणि ज्यांनी या मशीनचा प्रोग्राम लिहिला त्या दोघांना बोलावून घेतलं. आता तो नाकाला रुमाल लावून एकदा नम्रताकडे बघत होता, एकदा ध्रुवकडे. चोर सापडलाय, फक्त दोघांतला कुठला ते ठरायचंय, असा.

"आधी झाकण उचललं की मुसळ वरच्या वर थांबायचं," तो म्हणाला. "आता नाय थांबत. कुणी काढलंन ते?"

"कोणी नाही काढलं." ध्रुवनं लॅपटॉप मिरचीच्या गोणीवर टेकवला. "हे बघा. मुसळ थांबवायचं फंक्शन. आहे की नाही?"

"तिथं आहे. मशीनमध्ये नाय."

नम्रतानं ध्रुवकडे तिरकं बघितलं. ती गावाला गेली होती तेव्हा मशीनमध्ये नवा प्रोग्राम त्यानंच भरला होता.

"फोन आल्यावर गुपचूप परत लिहिलंस की काय रे हे?"

"आईशप्पथ नाही."

"तुझी आई मागच्या वेळी पण होती शपथेला."

तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि ते फंक्शनच्या फंक्शन पुसून टाकलं.

"अगं, काय करतेस?"

तिनं प्रोग्राम नव्यानं बांधला आणि फाइल केवढी झाली ते बघितलं. मघाशी होती तेवढीच. एक बाइट कमी नाही.

"काढलं तरी तेवढीच," ती म्हणाली. "म्हणजे ते आत जातच नव्हतं. काय केलंस तू?"

ध्रुव मान खाजवायला लागला. "मालकांना गणपतीसाठी आरतीची ट्यून हवी होती ना, मशीन चालू केलं की वाजेल अशी. त्यानं मशीनमधली चिप भरली, जागा उरेना. मग लिंकरला सांगितलं, सगळं जोडताना ज्याला कोणी बोलवत नाही ते टाकून दे. बसलं बरोबर."

"आरतीला कोण बोलवतं?"

"मेन प्रोग्राम. मशीन चालू झालं की लगेच."

"आणि थांबवायच्या फंक्शनला?"

"त्याला कोणी नावानं नाही बोलवत. झाकण उघडलं, तर एका वेगळ्या तक्त्यातून..." ध्रुवचा आवाज खाली गेला. "तो तक्तापण गेला असणार."

"ट्यून वाजते का ते बघितलंस?"

"बघितलं."

"झाकण उघडून बघितलंस?"

ध्रुवनं तुटका कालथा उचलून बाजूला ठेवला.

"कोण हा लिंकर?" रमाकांत म्हणाला. "त्याला आण इथं. मी बोलतो त्याच्याशी."

"माणूस नाहीये तो, काका. कॉम्प्युटरमधलाच प्रोग्राम आहे." नम्रतानं फंक्शन परत जागेवर टाकलं आणि लिंकरला लिहून दिलं, की याला आणि त्या तक्त्याला कोणी बोलवो न बोलवो, दोन्ही ठेवायचं. परत बांधलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

"सगळं चिपमध्ये बसत नाही," ती म्हणाली. "आरती तरी काढा, नाहीतर हे तरी."

कमळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.  आता त्यांनी रमाकांतकडे बघितलं.

रमाकांतनं मशीनकडे बघितलं. मग दाराबाहेर, गिऱ्हाइकांच्या रांगेकडे. एक बाई पोराला कडेवर घेऊन सांगत होती, थांब हं, आता मशीन आरती म्हणेल.

"ट्यून जरा छोटी नाय होणार, गो?"

"नाही, काका. अर्धी केली तरी बसणार नाही."

"म्युझिक ठेवून शेवटचं कडवं काढलं तर?"

"काका."

"बरं, काढ," रमाकांत म्हणाला. "काढ."

नम्रतानं आरती काढली, प्रोग्राम मशीनमध्ये भरला. मशीन मुकाट्यानंच सुरू झालं. तिनं झाकण उचललं. मुसळ वरच्या वर थांबलं. परत उचललं, परत थांबलं. ध्रुवनं श्वास सोडला आणि त्याला ठसका लागला.

"झालं एकदाचं," रमाकांत रुमाल खिशात घालत म्हणाला. "चला कमळाबाई, घाला हात. लोक खोळंबलेत."

कमळाबाई गोणीवर बसल्या आणि दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

"मघाशी तुम्ही विचार केलात ना, मालक," त्या म्हणाल्या. "आता मी करते."