निरोगी नमुना

रक्ताच्या एका थेंबातून साखर आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारे युरिया, क्रिएटिनिन व पोटॅशियम एकाच वेळी मोजणारी पट्टी वेदिका रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत तयार करत होती. निरोगी माणसाचं रक्त म्हणून ती रोज स्वतःचंच बोट टोचायची. साखर बरोबर यायची, पण बाकीचे तीन आकडे भलतेच वर जायचे. एकाचं मोजमाप दुसऱ्यात मिसळतंय असं समजून तिने किती पट्ट्या फेकल्या आणि किती नव्याने बनवल्या, याला सुमार नव्हता.

घरी आई म्हणायची, "तोंड बघ गो कसं सुजलंय! आज तरी नको जाऊस."

"पट्टी जमू दे, मग झोपेन पोटभर," असं म्हणून वेदिका निघायची. प्रयोगशाळेचा जिना चढेपर्यंत तिला धाप लागायची.

त्या दुपारी बोट टोचायचंही तिच्या जिवावर आलं. खुर्चीत मान टाकून ती शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली, "विनीत, आज तुझं रक्त घे रे. मी थकले."

थोड्या वेळाने विनीत आनंदाने ओरडलाच, "मॅडम, चारही आकडे बरोब्बर! आणि पट्टी कुठली वापरली सांगू? काल तुम्ही बाद केलेल्यातलीच! पट्टीत काही खोट नाहीच मुळी!"

वेदिकाने विनीतचे आकडे आपल्या रोजच्या आकड्यांशेजारी ठेवले.

.

.

"विनीत," ती हळूच म्हणाली, "मला दवाखान्यात घेऊन चल."