गुंडूचा मुक्काम

“हूं की चूं करशील तर याद राख,” शिंपीणबाई टेबलाखाली वाकून म्हणाल्या. चिंध्यांच्या ढिगातून एक ताठ आणि एक लोंबता कान वर आला. पाठोपाठ आलेल्या जिभेनं त्यांचा चष्माच चाटून काढला.

गुंडू येऊन अठरा दिवस झाले होते. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून त्याची मालकीण आश्रयगृहात गेली होती आणि तिथं कुत्र्याला जागा नव्हती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई अशा मुक्या जिवांची सोय लावत. त्यांची अट एकच: नवऱ्याच्या स्वप्नातही येणार नाही असं घर मालकिणीनंच सुचवायचं. तिनं शिंपीणबाईंचं सुचवलं. कुत्रं दिसलं की फूटपट्टी घेऊन धावणारी बाई, अशी त्यांची गल्लीभर ख्याती होती. आता गुंडूनं खाल्ल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

दार धाडकन उघडलं. दारात गुंडूच्या मालकिणीचा नवरा.

“पँट झाली?”

“खालची दुमड राहिलीय. बस.”

त्यानं माठातून पाणी घेतलं, गटागटा प्यायला. “कुत्रं अजून सापडत नाही. एकदा त्याची मान हातात येऊ दे. मग कशी येत नाही ती आपल्या पायानं परत, बघतोच.”

टेबलाखाली गुंडू थरथरू लागला. त्याच्या नरड्यातून बारीक कुंईं निघालं. देवा, एवढी वेळ निभावून ने रे बाबा! शिंपीणबाईंनी मशीन अशी भरधाव सोडली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

“काय कुंईं वाजतंय?”

“मशीनला तेल हवंय. आणून देतोस?”

कामाचं नाव निघताच तो उठला. “उद्या बघू.” पँट काखोटीला मारून चालता झाला.

मशीन थांबवून शिंपीणबाईंनी आधी दाराला कडी घातली. देवानं हाक ऐकली होती. दुसऱ्याच सकाळी निरोप आला: मालकिणीला दूरच्या गावी नोकरी लागली, खोली मिळाली, घरमालकाची कुत्र्याला हरकत नाही.

दवाखान्यात गुंडूनं तिला पाहिलं मात्र, शेपटीसकट अख्खं अंग नाचू लागलं. ती फरशीवरच बसली. तो तिच्या मांडीत, खांद्यावर, थेट डोक्यावर!

“काल धांदलीत मी त्याच्या पँटचे दोन्ही पाय खालून शिवून टाकले गं,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“बंद?”

“दुहेरी टीप!”

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरीणबाईंनी वही उघडली. “एक रकाना घाईत राहिलाय. सांभाळणाऱ्या बाईंचं मालकिणीशी नातं. शेजारीण लिहू?”

“नाही,” गुंडूच्या मानेत तोंड खुपसूनच ती म्हणाली, “सख्खी सासू लिहा.”