समुद्राला दिलेलं बोलावणं

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान चालवणाऱ्या श्रीकांतला एक खोड होती. निरोप घेताना तो कुणालाही म्हणायचा, "या एकदा घरी."

कारवारचं बंदर पाहून तो आणि त्याची बायको अर्चना परत निघाले, तेव्हा धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर लाटा चुबुक चुबुक आपटत होत्या. सवयीने त्याने हात जोडले. "बरंय, या एकदा हुबळीला."

"अहो, समुद्राला कसलं बोलावता?" अर्चना हसली.

वाटेत कलघटगीला चहाला थांबल्यावर गाडीखालून तसाच आवाज आला. श्रीकांतने वाकून पाहिलं. माती कोरडीठाक होती. चहा अर्धवट टाकून त्याने गाडी सुरू केली.

हुबळीत, उणकलच्या घरी पोचताच त्याने दाराला कडी घातली आणि ती धरून तिथेच उभा राहिला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

जिन्याच्या खालच्या पायरीवर चुबुक झालं. मग तिच्या वरच्या. लाट मागे फिरते, हा आवाज फिरत नव्हता. चढत चढत तो दारापाशी आला आणि थांबला.

बेल वाजली.

"या, या, आत या," स्वयंपाकघरातून अर्चना नेहमीच्या अगत्याने म्हणाली.

श्रीकांतच्या मुठीत कडी ओली झाली, आणि हळूहळू सरकू लागली.